गोव्यात बसून लंडनच्या लॉ फर्मचं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट कसं मिळवायचं

दर वर्षी चतुर्थी आटोपली की कोणी ना कोणी विचारतंच, मिरामारला लॉ करतोय किंवा मडगावला कारे लॉ कॉलेजमध्ये आहे, लंडनच्या कमर्शियल फर्ममध्ये ट्रेनी सॉलिसिटर (म्हणजे क्लायंटला सल्ला देणारा, करार बघणारा तिकडचा शिकाऊ वकील) व्हायचंय, सुरुवात कुठून करू. आणि विचारणाऱ्यातल्या बऱ्याच जणांनी तोवर कुठल्यातरी कन्सल्टंटकडे जाऊन एलएलएमची, म्हणजे कायद्यातल्या मास्टर्सची, फी पण विचारून घेतलेली असते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक घोळ मिटवू. सॉलिसिटर होणं आणि फर्ममध्ये ट्रेनी म्हणून लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथून बघताना त्या एकच वाटतात. सॉलिसिटर व्हायला इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे. पहिल्या भागात १८० एमसीक्यूंचे दोन पेपर, दुसऱ्या भागात क्लायंटची मुलाखत, ड्राफ्टिंग, कोर्टापुढे मांडणी, लीगल रिसर्च अशी १६ कामं करून दाखवायची. त्याशिवाय कुठल्याही विषयातली डिग्री, दोन वर्षांचा कामाचा अनुभव ज्याला तिकडे क्यूडब्ल्यूई म्हणतात, आणि चारित्र्याची तपासणी. पहिला भाग भारतातल्या सेंटरवर देता येतो, दुसऱ्या भागातल्या तोंडी परीक्षांना मात्र तिकडे जावंच लागतं. सहा वर्षांत तीनच अटेम्प्ट मिळतात. फी दोन्ही भागांची मिळून पाच हजार पाउंडांच्या आसपास, क्लासचे पैसे वेगळे. आणि तुमच्याकडे इथली वकिलीची सनद असेल तर क्वालिफाइड लॉयर म्हणून तुम्हाला तो दोन वर्षांचा अनुभव दाखवावा पण लागत नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून पोरं उड्या मारतात, मग काय, सनद आहेच, परीक्षा दिली की झालो सॉलिसिटर! व्हाल की. पण नोकरी कोण देणार? लंडनच्या मोठ्या फर्म्स दोन वर्षांसाठी ट्रेनी घेतात, सहा-सहा महिन्यांच्या चार सीट्स, म्हणजे कॉर्पोरेट, बँकिंग, डिस्प्युट्स, रिअल इस्टेट असं फिरवतात आणि दोन वर्षं संपली की त्याच मुलांतून नवीन सॉलिसिटर ठेवून घेतात. बाहेरून नुसता कागद घेऊन आलेल्याला, ज्याने तिकडच्या एकाही ऑफिसात काम केलेलं नाही, त्याला दार उघडणं फार अवघड. म्हणून खरा मुक्काम या दोन वर्षांच्या ट्रेनीपणाचा करार, म्हणजेच ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट. त्यात मोठ्या फर्म्स एसक्यूईची फी, क्लास आणि त्या काळातला राहण्याचा खर्चही देतात, पगार पहिल्याच वर्षी ५० हजार पाउंडांच्या वर असतो. त्यामुळे वडिलांची एफडी मोडून आधीच एसक्यूई देऊन टाकायची घाई करू नका, जे फर्म फुकट करून देते त्याचे पैसे तुम्ही का भरायचे.

आता पासपोर्ट, गोव्यात हा विषय टाळून चालतच नाही. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्या आजी-आजोबांच्या नावावर पोर्तुगालमध्ये नोंद करून पासपोर्ट काढलेले लोक प्रत्येक वाड्यावर आहेत, स्विंडनला एवढे गोंयकार जाऊन बसले ते त्याच वाटेने. पण ब्रेक्झिटमुळे ती वाट ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली. ज्यांचं तिकडे आधीपासून राहणं होतं आणि ज्यांनी सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड स्टेटस (तिकडे राहायचा हक्क) घेऊन ठेवलंय त्यांचं ठीक आहे, नव्याने जाणाऱ्याला पोर्तुगीज पासपोर्टवरही नोकरीसाठी व्हिसा लागतोच. आणि पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं, ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ प्रमाणे सनदेला मूळ अट भारतीय नागरिकत्वाची, म्हणजे लंडनचं नाही जमलं तर पर्वरीला परत येऊन हायकोर्टात उभं राहायची सोय पण गेली. घरचे म्हणतायत म्हणून सही करू नका, हा हिशेब मांडून मग ठरवा.

व्हिसा बहुतेकांना स्किल्ड वर्करचाच लागणार आणि तो फर्मने स्पॉन्सर करावा लागतो. कुठल्या फर्मकडे स्पॉन्सर लायसन्स आहे त्याची यादी ब्रिटनचं होम ऑफिस उघड छापतं, फुकट बघायला मिळते, फॉर्म भरायच्या आधी त्यात नाव शोधा. मोठ्या कमर्शियल फर्म्स तिथे असतातच, गल्लीतल्या लहान फर्म्स बरेचदा नसतात. फॉर्मवर स्पॉन्सरशिप लागेल का विचारलं की सरळ हो लिहा. तिथे लपवाछपवी केली तर पुढे ऑफर आली तरी जाईल, वकिली धंद्यात खोटेपणाचा डाग पुसला जात नाही.

कॅलेंडर नीट समजून घ्या कारण आपली मुलं इथेच मागे पडतात. या फर्म्स साधारण दोन वर्षं आधी भरती करतात, आज फॉर्म भरला तर काम सुरू व्हायला तेवढा वेळ. फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरला उघडतात. भरतीचं मुख्य दार म्हणजे व्हेकेशन स्कीम, म्हणजे एक ते तीन आठवडे फर्ममध्ये बसून काम करायचं, त्याचे पैसेही मिळतात आणि शेवटी ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टचा इंटरव्ह्यू होतो. हिवाळ्याच्या स्कीमची मुदत सगळ्यात आधी संपते, वसंत आणि उन्हाळ्याच्या स्कीमचे फॉर्म बहुतेक डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालतात, थेट ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टचे काही ठिकाणी त्याच्याही नंतर. पण बऱ्याच फर्म्स फॉर्म येतील तसे वाचतात, शेवटच्या तारखेला पाठवलेला फॉर्म पोचेपर्यंत अर्ध्या जागा भरलेल्या असतात. तर नरकचतुर्दशीला नरकासुर जाळून झाला की दुसऱ्याच दिवशी बसा, नाताळची वाट बघू नका. आणि वसंतातली स्कीम ईस्टरच्या आसपास असते, म्हणजे नेमकी आपल्या सेमिस्टरच्या तोंडावर, त्यामुळे शिकत असाल तर उन्हाळ्याचीच बघितलेली बरी.

एलएलएमबद्दल पण इथेच सांगतो. एसक्यूईला एलएलएम लागत नाही. एलएलएमने लंडनमध्ये वर्षभर राहता येतं, ओळखी होतात, नंतर ग्रॅज्युएट व्हिसावर थोडा काळ थांबता येतं (तो दोन वर्षांचा होता, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच मिळणार). पण सप्टेंबरला तिकडे उतरलात तर बॅग उघडायच्या आधी फॉर्मच्या तारखा चालू झालेल्या असतात, थंडी, घर शोधणं, लेक्चर आणि त्यात फॉर्म. जायचंच असेल तर इथून निघायच्या आधी उन्हाळ्यातच फर्म्सची निवड आणि पहिला मसुदा तयार ठेवा. नुसतं एलएलएम केलं म्हणून कोणी ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट देत नाही, कन्सल्टंट काहीही सांगू दे.

आता मुद्द्याचं, फॉर्म. मी ज्युनियर मुलांचे फॉर्म वाचून देतो, आणि गोव्याच्या मुलाचा फॉर्म वाचून तो गोव्याचा आहे हे कळतच नाही. सगळीकडे तेच, जागतिक दर्जाची फर्म, वैविध्यपूर्ण क्लायंट, मूट कोर्टमध्ये (कॉलेजातल्या नकली खटल्यांच्या स्पर्धेत) भाग घेतला, लहानपणापासून कायद्याची आवड. अरे, हे दिल्लीचा मुलगा पण लिहितो, लीड्सचा पण लिहितो. फर्मला बघायचं असतं की क्लायंटचा धंदा कसा चालतो, पैसा कुठून येतो नि कुठे अडकतो, हे तुम्हाला कळतं का. यालाच ते कमर्शियल अवेअरनेस म्हणतात आणि हे रोज पिंक पेपर (धंद्याच्या बातम्यांचे पेपर) वाचून येत नाही, ते तुमच्या दारात आहे.

डिचोली, साखळी, कुडचडे इथली मुलं तर लहानपणापासून खनिज बघत आलीत. जहाज मुरगावला किंवा बाहेर समुद्रात उभं, मांडवी-जुवारीतून बार्ज खनिज घेऊन येतायत, मध्येच पाऊस लागला किंवा बार्ज उशिरा आले आणि लोडिंगला ठरल्यापेक्षा जास्त दिवस गेले. जहाजमालक दिवसाच्या हिशेबाने डेमरेज, म्हणजे उशिराची भरपाई, मागतो. आता ते कोणी भरायचं, पावसाचे दिवस मोजायचे की सोडायचे, जहाज तयार आहे ही नोटीस कधीपासून लागू धरायची, हे सगळं चार्टरपार्टीत, म्हणजे जहाज भाड्याने घ्यायच्या करारात, लिहिलेलं असतं, आणि असल्या चार्टरपार्ट्या जगभर बहुतेक वेळा इंग्लिश कायद्याखाली असतात, भांडण झालं तर लंडनला आर्बिट्रेशन, म्हणजे लवाद. म्हणजे ज्या मुलाच्या काकाचा बार्ज होता त्याच्या घरच्या जेवणावर लंडनच्या शिपिंग वकिलाच्या विषयाची चर्चा होत होती! हे फॉर्मवर लिहायचं सोडून तो मूट कोर्टची तिसरी फेरी लिहितो. घरात कोणी तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) असेल तर त्यालाही विचारा, बोटीवर अपघात झाला की पीअँडआय क्लबचा (जहाजमालकांनी मिळून चालवलेल्या विमा संस्थेचा) माणूस येतो, त्यातले बरेचसे क्लब लंडनमधूनच चालतात.

तसंच २०१८ चं घ्या. ७ फेब्रुवारीला सुप्रीम कोर्टाने गोव्याची ८८ मायनिंग लीज रद्द केली, १५ मार्चनंतर काम बंद. वर्तमानपत्रात मायनिंग बंद एवढंच आलं, पण तुम्ही बघितलंत की ट्रक उभे राहिले, ट्रकच्या कर्जाचे हप्ते थकले, गॅरेजवाला बसला, बार्जवर पैसे दिलेली बँक अडकली, खाणीच्या कॅन्टीनवाल्याने दुकान बंद केलं. एका निकालाचा धक्का कोणाकोणाच्या कॉन्ट्रॅक्टपर्यंत पोचला हे क्रमाने सांगता येणं हेच त्यांना हवंय. मग नंतर लिलाव झाले, डिचोलीचा खाणीचा ब्लॉक वेदांता कंपनीने घेतला. आता विचार करा, नवीन घेणाऱ्याच्या वकिलाने काय विचारलं असेल? खाणीच्या जुन्या मातीच्या ढिगांचं, म्हणजे डंपचं, काय, कामगारांचं काय, पर्यावरणाची परवानगी जुनी चालते की नवी, उद्या पुन्हा कोर्टाने बंद केलं तर भरलेले पैसे परत कोण देणार. हे लिहिता आलं तर अर्धा इंटरव्ह्यू तिथेच झाला समजा.

मायनिंग नको असेल तर मोपाचा नवा विमानतळ घ्या, जानेवारी २०२३ मध्ये विमानं सुरू झाली, जीएमआर कंपनीशी ४० वर्षांचा करार, सरकारला महसुलातला ३६.९९ टक्के वाटा. दाबोळीचा जुना विमानतळ पण चालू आहे, म्हणजे शेजारी स्पर्धक. प्रवासी कमी आले तर धोका कोणाच्या डोक्यावर, हा एकच प्रश्न धरून दोन पॅरा लिहा. फक्त एक पथ्य पाळा, मत देताना राजकारण आणू नका, आमदाराला शिव्या घालायची ती जागा नव्हे.

हीच फर्म का, या प्रश्नाला फर्मच्या वेबसाइटवरची वाक्यं उलटवून लिहू नका. तुमचा धागा आणि त्यांचं एखादं खरं काम जोडा. शिपिंगचं लिहिलंत तर ज्या फर्मचं शिपिंग नाव काढण्यासारखं आहे तिथेच पाठवा, फ्रेशफील्ड्स किंवा स्लॉटर अँड मेला पाठवून काय उपयोग, त्यांचं बळ कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत. थोड्याच फर्म्स निवडा, प्रत्येकीचा फॉर्म वेगळा लिहा. तोच मजकूर नाव बदलून चाळीस ठिकाणी टाकलेला लगेच ओळखू येतो, त्यात एखाद्याने मागच्या फर्मचं नाव तसंच ठेवलेलं असतं ते वेगळंच.

अनुभवाच्या रकान्यात फक्त इंटर्नशिप घालायची असते असं नाही. म्हापशाच्या बाजारात घरचं दुकान सांभाळलंय? उधारी कशी वसूल करता ते लिहा. जत्रेच्या नाटकाचा खजिनदार होतात? लाइटवाला, मेकअपवाला, मुंबईहून आणलेली नटी, सगळ्यांचे ॲडव्हान्स कसे भागवले आणि पाऊस आला तेव्हा कोणाशी काय बोलणं केलं, तेही चालतं, फक्त ते तुम्ही स्वतः केलेलं असू दे आणि काय झालं ते ठोस लिहा. पोर्तुगीज येत असेल तर वरच लिहा. पणजीत कामोएंश इन्स्टिट्यूटचे वर्ग चालतात, ब्राझील, अंगोला, मोझांबिकची कामं करणाऱ्या फर्म्सना त्या भाषेची किंमत आहे, आणि आपल्याकडे अजून ती शिकायला मिळते तर सोडताय कशाला.

फॉर्म पुढे गेला की बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन टेस्ट, जास्त करून वॉटसन ग्लेझर, म्हणजे दिलेल्या मजकुरावरून निष्कर्ष काढायची तर्काची परीक्षा. यात हुशार मुलं आपटतात कारण ती स्वतःची माहिती घालतात. समजा दिलंय की एका हॉटेलने डिसेंबरमध्ये दर वाढवले आणि बुकिंग कमी झालं. खाली निष्कर्ष, दर वाढल्यामुळे बुकिंग कमी झालं. तुम्ही गोव्याचे, तुम्हाला डिसेंबरचे दर पाठ, तुम्ही ठोकून खरं म्हणणार. पण दिलेल्या मजकुरात कारण कुठेच नाही, उत्तर अपुरी माहिती. जे लिहिलंय तेवढंच धरायचं, अक्कल बाजूला ठेवायची असं म्हटलं तरी चालेल. सरावाचे पेपर फुकट मिळतात, रोज थोडे सोडवा, आठवडाभरात हात बसतो.

मग असेसमेंट सेंटर, म्हणजे फर्मची निवड फेरी. ग्रुप एक्सरसाइज, लेखी काम, पार्टनरबरोबर इंटरव्ह्यू, आणि केस स्टडी. केस स्टडी बहुतेक वेळा अशी, अमुक कंपनीला तमुक कंपनी विकत घ्यायचीय, सल्ला द्या. याची तयारी कळंगुटचं हॉटेल विकत घेतोय असं समजून करा, खरंच सांगतो. जमीन कोणाच्या नावावर, आत मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, कायद्याने हक्क असलेला) आहे का, सीआरझेडमध्ये (किनाऱ्यालगतच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यात) किती बांधकाम बसतं, लायसन्स मालक बदलल्यावर चालतात का, स्टाफची ग्रॅच्युइटी कोणाच्या गळ्यात, बँकेचा बोजा आहे का. आणि आपली खासियत, इथे सिव्हिल कोडमुळे लग्नानंतर वेगळा करार नसेल तर मालमत्ता नवरा-बायको दोघांची, त्यामुळे एकट्या नवऱ्याची सही घेऊन घर विकत घेतलं तर झाला घोटाळा, आजोबा गेल्यावर इन्व्हेंटरी (कोर्टातून वारसांची वाटणी) झाली नसेल तर आणखी दहा वारस, त्यातले चार कॅनडात. ज्याने हे घरात बघितलंय त्याला ड्यू डिलिजन्स (खरेदीआधीची छाननी) शिकवावा लागत नाही. तिकडे कायदा वेगळा, पण विचारायचे प्रश्न हेच, विकणाऱ्याला विकायचा अधिकार आहे का, आत काय लपलंय, आणि लपलेलं निघालं तर किंमत कमी करायची की विकणाऱ्याकडून लेखी हमी, म्हणजे वॉरंटी, घ्यायची की व्यवहारच सोडायचा. शेवटी सल्ला द्या. दोन्ही बाजू सांगून गप्प बसणारा वकील क्लायंटला नको असतो.

पार्टनर तुमच्या उत्तरावर उलटे प्रश्न टाकेल, मुद्दाम. आपल्याकडे मोठ्यांसमोर सर बरोबर म्हणून मान डोलावायची सवय, ती इथे नडते. तुमचं बरोबर असेल तर शांतपणे धरून ठेवा, त्याचा मुद्दा पटला तर पटला म्हणा आणि कुठे बदल कराल ते सांगा. इंग्रजीच्या उच्चाराची काळजी करू नका, सावकाश बोला बस.

या वर्षी नाही झालं तर रिकामे बसू नका. क्यूडब्ल्यूई चार जागांपर्यंत तुकड्यांत करता येतो, परदेशातलं कामही धरतात, फक्त इंग्लंडच्या सॉलिसिटरने तुमचं काम बघून तसं लिहून द्यावं लागतं, म्हणून कुठेही लागण्याआधी असा माणूस मिळेल का ते विचारून घ्या. मुंबईच्या मोठ्या कॉर्पोरेट फर्ममध्ये दोन वर्षं काढलेल्याचा फॉर्म लंडनला वजनदार दिसतो, विशेषतः फर्मकडे भारताचं काम असेल तर. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आणि आर्टिकलशिप (सॉलिसिटरच्या हाताखालची उमेदवारी) मात्र वेगळी गोष्ट आहे, मुंबईच्या फर्म्समध्ये तिला मान आहे, पण ती पास झालात म्हणून इंग्लंडचे सॉलिसिटर होत नाही, या दोन गोष्टी लोक हमखास एकत्र करतात. पर्वरीला एखाद्या सीनियरकडे कमर्शियल दावे, आर्बिट्रेशन बघायला मिळत असेल तर तेही चांगलं, नुसत्या तारखा घ्यायला पाठवत असेल तर लवकर निघा.

पैसे भरून ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट देतो म्हणणारा कोणी भेटला तर उठून चालू पडा. खरी फर्म ट्रेनीला पगार देते, त्याच्याकडून घेत नाही. मग तो मडगावात एसी ऑफिस थाटून बसलेला असो की लंडनचा नंबर दाखवणारा असो.

आणि ऑफर आलीच तर आनंदात लगेच सही करायच्या आधी चार गोष्टी ईमेलवर विचारा. एसक्यूईचा खर्च आणि राहण्याचा भत्ता किती, परीक्षा नापास झाली तर ऑफर राहते का, मध्येच सोडलं तर पैसे परत मागणार का, आणि व्हिसाची फी नि हेल्थ सरचार्ज कोण भरणार. हे विचारलं म्हणून कोणी ऑफर मागे घेत नाही, वकिली फर्म आहे ती, कॉन्ट्रॅक्ट वाचणारा ट्रेनी त्यांना आवडतोच.